दुसऱ्याच्या नावावरची गाडी

ती घटना आठवली की आजही मला आधी एका पांढऱ्या गाडीची मागची काच दिसते, माणसं नंतर. काचेवर लाल अक्षरांत एक नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्याचं आहे त्याचे आईवडील अजून तुकईथड गावाच्या बाजूला शेती करतात आणि त्यांचा यात काही दोष नव्हता.

माझी सगळी नोकरी मध्य प्रदेश पोलिसात गेली. कागदावर हिंदी, घरात मराठी आणि ठाण्यात दोन्हींची खिचडी. तेव्हा मी बुऱ्हाणपुरात ठाणा प्रभारी होतो. शहराच्या लालबाग भागात एक विदेशी गृहस्थ भाड्याने राहत. साठी ओलांडलेली, हृदयाच्या गोळ्या चालू. केळीच्या खोडापासून धागा काढायच्या मशीन बसवायला ते आले आणि इथेच रमले. मुक्कामाची परवानगी वाढवायला ते एसपी ऑफिसात येत तेव्हा कधी रांग मोडत नसत आणि पहाऱ्यावरच्या शिपायालाही हात जोडत. शिपाई चेष्टेने म्हणत, "हा तर आपल्यापेक्षा जास्त देशी आहे!"

या साहेबांना गाडी घ्यायची होती. इथे राहणाऱ्या विदेशी माणसाला स्वतःच्या नावावर गाडी घेता येते. पासपोर्ट, व्हिसा, मुक्कामाची परवानगी, पत्त्याचा पुरावा एवढं लागतं. चार चकरा जास्त होतात, इतकंच. पण आरटीओबाहेरच्या दलालाला चकरा नको होत्या. त्याने ठोकून दिलं, "फॉरेनरच्या नावावर होतच नाही. आपल्या माणसाच्या नावावर घेऊन टाका." आमच्याकडे हे सर्रास चालतं. जमीन बायकोच्या नावावर, ट्रॅक्टर मेव्हण्याच्या, आणि विचारलं की उत्तर तयार: "नावापुरतं आहे हो!"

साहेबांचा 'आपला माणूस' म्हणजे त्यांच्याकडे कामाला असलेला तुकईथडचा तरुण. तिशीच्या आतला, हुशार, हसतमुख. त्यांचा स्वयंपाक करायचा, त्यांना दवाखान्यात न्यायचा, बाबूजी म्हणायचा. गाडी त्याच्या नावावर झाली. इच्छापूरला इच्छादेवीपुढे तिची पूजा झाली, नारळ त्यानेच फोडला आणि साहेबांनी कौतुकाने फोटो काढले. मग काचेवर त्याचं नाव आलं. गावाला वाटलं, पोराने नशीब काढलं. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका चांगल्या घरातून सोयरीक आली. साखरपुड्याला तो गाडी घेऊनच गेला. मुलीच्या मामाने गाडीचं आरसी बुक मागून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. लग्नाची तारीख धरली गेली.

थंडी सरत आली होती. एका सकाळी केळीच्या मळ्यातल्या रस्त्याकडेला साहेबांचं प्रेत सापडलं. झाडाला टेकून बसवल्यासारखं, पिशवी शेजारी. अंगावर ओरखडा नाही. मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला, मृत्यू आदल्या दिवशीचा. वरून सूचना आली की विदेशी माणसाचं प्रकरण आहे, लवकर आटपा. मलाही आटपायचंच होतं, पण पंचनामा करताना एक गोष्ट खटकली होती. रस्ता पाटाच्या पाण्याने चिखल झाला होता. आमचे बूट बरबटले आणि साहेबांचे मात्र कोरडे, स्वच्छ होते. म्हणजे ते तिथे चालत आले नव्हते.

कामावरच्या तरुणाने जबाब दिला, "बाबूजी सकाळी बसने गेले, साहेब. कुठं ते बोलले नाही. मी तर गाडी काढलीच नी, अंगणात उभी होती." त्याच्या बोलीत 'नी' म्हणजे नाही. तो रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तेव्हा ते मला कोड्यात टाकून गेलं.

त्यातच साहेबांच्या मुलीचा परदेशातून फोन आला. तिचं इंग्रजी मला अर्धं कळलं, रडणं पूर्ण कळलं. वडील तिथे एकटे कसे पोहोचले, एवढंच ती विचारत होती.

उत्तर इच्छापूरहून आलं. तिथला आमचा मुखबीर, म्हणजे खबऱ्या, देवळाबाहेर बसायचा. तो म्हणाला, "साहेब, ती नाववाली पांढरी गाडी इथं आलती. मंगळवार नी, अमावस नी, सणबी नी. पुढची सीट गोमूत्रानं धुतली, चारी चाकाखाली लिंबू ठेवले. मी बोललो, नवी गाडी, एवढ्यात काय झालं हिला?"

"कधी आली होती?"

त्याने दिवस सांगितला आणि मी खुर्चीतून उठलो. प्रेत सापडलं त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट होती. साहेब गेले हे तेव्हा जगात कोणालाही ठाऊक नव्हतं.

या भागात गाडीत कोणाचा जीव गेला की ती शुद्ध केल्याशिवाय कोणी तिचं स्टिअरिंग धरत नाही. शिकलेला असो की अडाणी, हे चुकत नाही. मी पुजाऱ्यांना गाठलं. म्हातारे गृहस्थ आधी पूजेची भांडी आवरू लागले. मग म्हणाले, "मी विचारलं त्याला, बाबा, कशासाठी करायचं? तो बोलला, गाडीत माणूस गेला. तुम्हाला खोटं बोलला असेल साहेब, देवीसमोर कसा बोलणार?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसंच झालं होतं.

त्याला ठाण्यात आणलं. माझ्या हवालदाराचे हात शिवशिवत होते, त्याला मी बाहेर पाठवलं. चहा मागवला आणि म्हणालो, "देवीपुढे जे बोललास, तेच माझ्यापुढे बोल."

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मी मारलं नी साहेब. मी हातबी लावला नी."

"मग काय केलंस?"

"बाबूजीला कुणीतरी सांगितलं, गाडी त्यांच्याच नावावर होऊ शकते. त्या दिवशी आम्ही आरटीओलाच निघालो होतो, माझी सही द्यायला. रस्त्यात मी हात जोडले. बोललो, बाबूजी, लग्न होऊ द्या, मंग करू. सासरवाल्यांनी कागद पाहिला आहे, आता नाव गेलं तर लग्न मोडेल, गावात तोंड कसं दाखवू? ते बोलले, नहीं बेटा, झूठा कागज अच्छा नहीं. मंग एकदम त्यांना घाम सुटला. छाती धरली. बोलले, अस्पताल."

"दवाखाना किती लांब होता?"

"समोरच वळण होतं, साहेब."

"आणि तू?"

"मी गाडी मळ्यात घातली. साइडला लावली. एसी चालू ठेवला." त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "त्यांनी माझा हात धरला होता."

"मग?"

"मंग त्यांचा हात सुटला."

मला राग आला होता, हे लपवत नाही. त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली, आणि त्या किवेचा जास्त राग आला. चहा तसाच थंड झाला.

श्वास थांबल्यावर त्याने त्यांना उचलून झाडाला टेकवलं होतं आणि पिशवी शेजारी ठेवली होती. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल केला. लग्न अर्थातच मोडलं. दलालाने मात्र, "मी तर बस रस्ता सांगितला," म्हणून हात झटकले. खटला उभा राहिला, शिक्षा झाली, पुढे अपील झालं.

साहेबांची मुलगी अस्थी न्यायला आली. गाडीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. कागदाप्रमाणे ती तिच्या वडिलांची नव्हतीच. तिने एकच विचारलं, "गाडी थांबली तेव्हा ते जिवंत होते का?" दुभाष्या म्हणून आणलेल्या शिक्षकाने प्रश्न सांगितला आणि मान खाली घातली. नाही म्हणणं सोपं होतं. पण ती एवढ्या लांबून खरं ऐकायला आली होती. मी म्हणालो, "हो." तिने माझे आभार मानले. त्या आभारांचं ओझं अजून उतरलेलं नाही.

कोयते, सुरे, विषाच्या बाटल्या मी नोकरीत पुष्कळ जप्त केल्या. या गुन्ह्यात हत्यार नव्हतं. माया होती, ती खरी होती, आणि ती एका सहीपुढे कमी पडली. तेव्हापासून कोणी 'नावापुरतं आहे' म्हणालं की मी त्याला बसवून घेतो आणि खऱ्या मालकाच्या नावावर करायला लावतो. लोक हसतात, म्हातारा सटकला म्हणतात. म्हणोत.

माझ्या निवृत्तीच्या आधी त्या तरुणाचे वडील ठाण्यात आले. केळीच्या चिकाने काळे पडलेले हात, त्यात दाढीची एक पत्ती.

"साहेब, काचेवरचं तेवढं नाव खरडून टाकू द्या. येणारा-जाणारा वाचतो. ह्याची आई बाजाराला येत नी आता."

मी म्हणालो, "काका, तो मुद्देमाल आहे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याला कोणालाच हात लावता येत नाही. मलाही नाही."

ते ठाण्याच्या आवारात उभ्या गाडीपाशी गेले. काचेवर धूळ साचून अक्षरं अंधूक झाली होती. सवयीनेच असेल, त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि काच पुसायला घेतली. नाव लख्ख झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मग ते तिथेच, चाकाला टेकून खाली बसले.