रमेशच्या फोटोला हार बसेना

भूतखेत, करणी, संकेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण बसलेला नाही. माझा स्वभावच संशयी. बायको म्हणते, यांना देवळातल्या प्रसादातही भेसळ दिसते. या सदरातले अनुभव मी वाचायचो तेही मुख्यतः खोट कुठे आहे हे शोधायलाच. आता स्वतःचाच लिहितोय... तुम्हीही खुशाल खोट काढा. सापडली तर मला जरूर कळवा, कारण मी ती शोधून थकलोय.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं — लग्नपत्रिका, हँडबिलं, पावत्या, मराठी आणि तेलुगू दोन्ही. आमचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, वडील तहसीलमध्ये पेशकार. बरी नोकरी सोडून मी हा धंदा धरला म्हणून ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलायचे.

दुकानात एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक प्रिंटर. नवे तेलुगू फॉन्ट जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालेनात, म्हणून हैदराबादच्या ज्या माणसानं मशीन जोडून दिली होती त्याच्याकडून नव्या सिस्टीमची सीडी मागवली आणि एका रविवारी अपग्रेड केलं. सोमवारपासून मशीनचं डोकं फिरलं. काम करता करता पडदा अचानक निळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि मग रीस्टार्टशिवाय गत्यंतर नाही.

माझा पहिला संशय सीडीवर. फोन लावला तर पठ्ठ्या म्हणतो, "बॉस, सीडी एकदम फर्स्ट क्लास है. आप डिस्प्ले का ड्रायवर देखो." मी ड्रायव्हर बदलला. रॅम काढून तिच्या पिना खोडरबरनं घासल्या. कॅबिनेट उघडलं तर पंख्यात गेल्या हंगामातला कापूस अडकलेला — आमच्याकडे जिनिंग सुरू झाली की तो माणसांच्या नाकात जातो, तर पंख्याला कोण सोडतंय! तो साफ केला, स्टॅबिलायझरही बदलला. हळूहळू मशीन ताळ्यावर आली. दोन आठवडे एकदाही निळा पडदा दिसला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं या दुरुस्त मशीनवर घडलंय.

पितृपक्ष चालू होता. दुपारी जैनथकडच्या एका गावचे गोविंदराव आले. बरोबर थोरला मुलगा विठ्ठल आणि धाकटी सून सुमन. गोविंदरावांचा धाकटा मुलगा रमेश श्रावणात पैनगंगेच्या पुरात वाहून गेला होता. अडकलेला बैल सोडवायला उतरला आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत गेला. प्रेत मिळालं नाही. भटजींनी सांगितलं, पळसाच्या पानांचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, म्हणजे त्याला गती मिळेल. मग रीतसर तेरवी, म्हणजे तेराव्याचं कार्य. त्या तेरवीची पत्रिका छापायची होती.

"वर फोटो पाह्यजे," विठ्ठल म्हणाला. "हार घातलेला. अन् खाली समई."

सुमन भिंतीला टेकून उभी होती. पंचविशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि ती सासऱ्यांना एकच गोष्ट म्हणत होती, "मामाजी, कोनं पाह्यलं त्याइले मेलेलं? नुसतं वाहताना पाह्यलं न?"

"बाई, घरात पोरीचं लगन थांबून हाये," विठ्ठल चिडून म्हणाला. "ना सुतक, ना सोयर. असं किती दिवस ठेवतं?"

म्हणजे पत्रिका छापली की पुतळा जळणार, आणि पुतळा जळला की हिचं कुंकू पुसणार. मला तिची दया आली, पण दयेवर दुकान चालत नाही. मी फोटो स्कॅन केला. चौकडीच्या शर्टातला, किंचित हसरा माणूस. पडद्यावर नीट उमटला. हार आणि समईची चित्रं माझ्याकडे तयारच असायची, कुणाच्याही पुण्यस्मरणाला तीच वापरायचो. हार उचलून फोटोवर नेला...

पडदा निळा!

आता मी वैतागलो. रीस्टार्ट केलं. फोटो उघडला, ठीक. हार ठेवला — निळा. म्हटलं हाराची फाइल बिघडली असेल. तलमडुगु गावच्या एका आजोबांचा जुना फोटो काढला, त्यावर तोच हार ठेवला. छान बसला. मग रमेशचा फोटो नव्यानं स्कॅन केला, दुसऱ्या नावानं साठवला, आकार लहान केला. समई ठेवली तर चालत होतं. त्याच्या खाली नाव-गावही टाइप होत होतं. फक्त हार गळ्याशी गेला की मशीन आडवी.

माझा संशय सुमनवर गेला. ती स्टॅबिलायझरच्या जवळ उभी होती, पायानं वायर हलवत असली तर? मी म्हणालो, "ताई, तुम्ही जरा बाहेरच्या बाकावर बसा." ती मुकाट्यानं गेली. पुन्हा हार, पुन्हा निळा पडदा.

इकडे विठ्ठलला माझाच संशय यायला लागला होता. "हिनं तुमाले आधीच सांगून ठेवलं का हो? काऊन नाटक करून राह्यले तुमी?"

मला असा राग आला! खुर्चीतून उठलो आणि त्याचा हात धरून त्याला तिथे बसवलं. "हे घ्या. हा माउस, हा हार. बटण दाबून धरा आणि तुम्हीच ओढा." त्यानं घाबरत घाबरत माउस धरला. हार पडद्यावरून सरकत सरकत रमेशच्या हनुवटीखाली गेला आणि निळा उजेड विठ्ठलच्या तोंडावर पडला. त्यानं हात असा मागे घेतला की माउस टेबलावरून लोंबकळला.

मग गोविंदराव उठले. "राहू दे, इठ्ठल. चाल घरी. तेरवी-बिरवी काही करायची नाई आता."

"बाबा, मशीन बिघडली म्हनून..."

"चाल म्हनतो न."

ते दोघं बाहेर पडले. सुमन मात्र आत आली आणि मला म्हणाली, "भाऊ, बिनाहाराचा फोटो निघते का?" निघाला, एका झटक्यात. तिनं त्याखाली 'हा माणूस दिसल्यास कळवा' असं टाइप करून घेतलं आणि गठ्ठाभर प्रती नेल्या. तिच्या माहेरच्या भावानं त्या नदीकाठच्या गावांतून, पार चंद्रपूरच्या बाजूपर्यंत लावल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, बिचारी मनाचं समाधान करून घेतेय.

त्यानंतर मी मशीनमध्ये काहीच बदललं नाही. तीच सिस्टीम, तेच ड्रायव्हर, तोच हार. हिवाळाभर कितीतरी फोटोंना मी हार घातले, एकदाही अडचण नाही. ओळखीच्या दोघा कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं. एक म्हणाला मेमरी कमी पडली असेल, दुसरा म्हणाला व्हायरस. मग आजोबांच्या फोटोला मेमरी कशी पुरली, आणि हा कसला व्हायरस जो माणूस बघून चावतो? दोघांनीही चहा प्यायला आणि विषय बदलला.

माघातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता, सगळं गिऱ्हाईक बाजारात, दुकान रिकामं. जुन्या फाइली पुसताना रमेशचा फोटो दिसला. हात शिवशिवले. म्हटलं, बघू तरी. हार उचलला, गळ्याशी नेला... आणि हार बसला!

काही झालं नाही. पडदा जिथल्या तिथे, पंखा नेहमीसारखा घरघरतोय. मी हार काढला, परत घातला. प्रिंटही काढून पाहिली. खरं तर आनंद व्हायला हवा होता, बिघाड गेला म्हणून. पण ती प्रिंट मी ड्रॉवरमध्ये पालथी घालून ठेवली आणि घरी कुणाला काही बोललो नाही.

थोड्या दिवसांनी सुमन दुकानात आली. एकटीच. तिचं कपाळ मोकळं होतं.

"ते जिवंत होते, भाऊ," ती म्हणाली. "तिकडं चंद्रपूरकडं एका देवळात पडून होते. डोक्याले मार लागला होता, नाव-गाव काहीच सांगता येत नव्हतं त्याइले. च्यावाल्यानं फोटो पाह्यला अन् निरोप धाडला. मी गेली तवा दवाखान्यात होते. ताप उतरेच ना."

"ओळखलं का तुम्हाला?"

"पयले नाई. मंग एका रात्री म्हने, सुमन, बैल निघाला का?" ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. "हातात हात होता माह्या. बाजाराच्या दिवशी सकाळी गेले."

मी बाजाराचा कुठला दिवस ते विचारलं. तोच होता. माझा स्वभाव संशयी, म्हणून पुन्हा विचारलं. तोच.

मग तिनं पिशवीतून तो चौकडीच्या शर्टातला फोटो काढून टेबलावर ठेवला. "आता घाला हार. आता तुमची मशीन नाई म्हननार नाई."

ड्रॉवरमधली प्रिंट मला तिला देववेना. तिच्यासमोर नव्यानं स्कॅन केला, नव्यानं हार घातला. तो नीट बसला. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मी प्रिंटरकडे, कारण मला रडू आवरत नव्हतं.

मशीन पुढे भंगारात गेली. आज संगणक शिकलेली पोरं मला ड्रायव्हर, मेमरी, फाइल करप्शन असं बरंच काही समजावतात, आणि मी मान डोलावतो. पटत मात्र एकही नाही. मला एवढंच माहीत आहे, की त्या दिवशी पहिल्याच खेपेला हार बसला असता, तर त्या दवाखान्यात रमेशचा हात धरायला कुणीही नसतं.