प्लीहा सरांचा मुक्काम

दोहातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार उघडलं की प्लीहा सर समोरच्याला आधी सलाम करत नसत, आधी त्याचं अंग न्याहाळत. कोपरावर, नडगीवर कुठे काळंनिळं दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "हिरवट झालंय वैनी, म्हणजे मागच्या आठवड्यातलं." मला टेबलाचा कोपरा लागलेला असायचा आणि मी तो विसरूनही गेलेली असायचे. सरांना मात्र वारसुद्धा सांगता यायचा.

ते मूळचे रत्नागिरीकडचे, इथल्या एका भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवत. माझी मुलगी अन्वी त्यांच्या वर्गात होती, आणि हे टोपणनाव त्या वर्गानेच ठेवलेलं. रक्ताचा धडा आला की सर आदल्या संध्याकाळी घरच्या लाटण्याने स्वतःच्या नडगीवर एक ठेवून देत. मग रोज पँट वर सरकवून मुलांना दाखवत: आज लाल, मग जांभळं, मग हिरवं, शेवटी पिवळं. त्यांच्या बायकोने, भाभींनी, लाटणं कुलपात ठेवून पाहिलं, तर ते आमच्याकडे मागायला आले. मीही दिलं, आणि त्याच लाटण्याने दुसऱ्या दिवशी पोळ्या केल्या.

समजावण्याची त्यांची पद्धत पक्की आखाती होती. लाल पेशी म्हणजे चार महिन्यांच्या काँट्रॅक्टवर आलेला माणूस. मुदत संपली की प्लीहेतल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, त्याला गिळतात आणि आतलं हिमोग्लोबिन सोडवायला बसतात. प्रथिन मोडून पुन्हा वापरायला, लोखंड काढून कंपनीच्या गोदामात. उरलेल्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. ते यकृताकडे जातं आणि तिथून पित्तातून बाहेर. "लोखंड कंपनी ठेवते, पिवळा माणूस घरी जातो," सर म्हणत. "आपलंही तेच आहे वैनी. इथं आपलं मागे काही उरत नाही." हे ते हसत सांगत, पण त्यांना ते आतून लागत असे. अर्धं आयुष्य दोहात गेलं होतं त्यांचं.

आणि अशा माणसाची प्लीहाच फुटली. समैस्माच्या किनाऱ्यावर कोकणवाल्यांची क्रिकेटची मॅच होती. उंच उडालेला झेल घ्यायला सर मागे मागे गेले आणि कुणाच्या तरी आइसबॉक्सवर डाव्या बरगडीने आदळले. हॉस्पिटलात पोट उघडून प्लीहा काढून टाकावी लागली.

शुद्धीवर आल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला, "ती कुठाय?" त्यांना ती बरणीत घालून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवायची होती. भाभींचं म्हणणं, माणसाच्या देहाचा तुकडा आहे, तो दफनच करायचा. नवराबायकोत यावरून चांगलीच जुंपली आणि अर्थातच भाभी जिंकल्या. तपासण्या आटोपल्यावर हॉस्पिटलने प्लीहा रीतसर ताब्यात दिली, आणि गावाकडची चार माणसं ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून तिला माती द्यायला गेली. मॅनेजरला कारण काय सांगावं म्हणून त्यातल्या एकाने मला फोन केला होता. मी म्हटलं, जवळचं कोणी गेलं म्हणा.

घरी आल्यावर सर रुसले. शाळेत जाईनात. ज्याच्याकडे प्लीहा नाही त्याने कोणत्या तोंडाने प्लीहा शिकवायची, हा त्यांचा सवाल. आम्ही मोठ्यांनी समजावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. अखेर अन्वी खाली त्यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसली आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीतच तिने विचारलं, की मग आता तुमच्या जुन्या लाल पेशी कोण मोडतं?

"यकृत," सर म्हणाले. "तिथंही मॅक्रोफेज असतात. त्यांनी सगळं काम उचललंय. कुणाचं काही अडलं नाही."

मग त्यांनी शाळेचा शर्ट इस्त्रीला काढला. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, आणि तितकंच वाईटही.

पण प्लीहा नसली की साधा तापही महागात पडतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाभींनी ठरवलं, खलास, आता गावी आपल्या माणसांत राहायचं. शाळेचं वर्ष संपताच सरांनी राजीनामा दिला. विमानतळावर सोडायला मी जाणार होते, आणि सर रडतील असंच मी धरून चालले होते.

प्रत्यक्षात भाभी रडत होत्या आणि सर चक्क खुशीत. त्यांनी वाटेत गाडी दफनभूमीकडे वळवायला लावली, एकटेच आत गेले आणि हात झटकत परत आले.

"वैनी, इथून सगळ्यांना जावं लागतं. तुम्हालाही एक दिवस," ते म्हणाले. "मी मात्र थोडा राहिलोय. मला आता इथून कुणी काढू शकत नाही. अधूनमधून चक्कर मारत जा तिच्याकडे."

मी जाते. दफनभूमीच्या भिंतीलगत गाडी उभी करते, काच खाली करते. प्लीहेशी काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून सर बरे आहेत एवढंच सांगते.