मावशींच्या वाटीतला गर

पूजा आटोपली, देवापुढे हात जोडले, तरी नाकात बसलेला तो वास काही जाईना. आंबट, कुजका आणि वरून गोडसर. म्हणून आज जप थोडा मागे ठेवून आधी हे लिहून काढते. देव समजून घेईल.

समोरच्या दारातल्या मावशी म्हणजे सगळ्या इमारतीच्या मावशी. फळांचा गर डब्यात भरणाऱ्या कारखान्यात त्यांची हयात गेली. पट्ट्यावरून सरकत येणारं फळ नाकाशी धरायचं. चांगलं पुढे, नासकं बादलीत. नवरा लवकर गेला. त्या पट्ट्यापाशी उभं राहूनच त्यांनी मुलाला वाढवलं. पायांच्या शिरा फुगल्या, पण नाकाचा तोरा तसाच. काम सुटल्यावर इमारतीतलं कुठलंही बाळ वरचं खायला लागलं, की पहिली वाटी मावशींकडून यायची. बिनसाखरेचा, चाळणीतून दोनदा काढलेला मऊसूत गर. माझ्या धाकटीनेही तोच खाल्ला. त्या वाटीला मान होता.

हल्ली मात्र त्यांच्या दारावरून जाताना माझा पदर आपोआप नाकाला जायचा. आमचे हे म्हणायचे, तू नाकाने कांदे सोलतेस. असेन मी तशी.

आज सकाळी मावशींनी हाक मारली. सून बाळाला घेऊन यायची होती. सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होणार. बाळ दिवसभर आजीकडे ठेवायचं की पाळणाघरात, हे आज ठरायचं होतं. सुनेचा कल पाळणाघराकडे. तेव्हा तिच्यासमोर बाळाला पहिलं फळ भरवायचं आणि तिला गप्प करायचं, असा मावशींचा बेत. आदल्या दिवशीच त्यांनी पपईचा गर करून ठेवला होता.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर तळपाय फरशीला चिकटला. ओट्यावर कितीतरी दिवसांची पपईची सालं काळी पडून पाझरत होती. त्यांच्यावर चिलटं इतकी, की हात हलवला तरी उठेनात, सुस्तावल्यासारखी बसून. चाळणीच्या जाळीत मागचे धागे वाळून घट्ट बसलेले, त्यांच्यावर नवे. आणि वाटीतल्या गरावर फेस. मधूनच एक बुडबुडा वर यायचा आणि फुटायचा. कडेला एक चिलट रुतलं होतं, पाय हलवत.

"बघ गं, कसा झालाय," म्हणत मावशींनी वाटी माझ्या नाकाशी आणली. त्या वाटीकडे बघतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी कशीबशी ओकारी आवरली. "मावशी, नासलाय हा. फेकून द्या."

"इस्त्रीवाला तर छान म्हणाला. वरच्या वहिनीसुद्धा म्हणाल्या."

"त्यांना कुठे खायचा होता?"

मावशी स्टुलावर बसल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थंडीत त्यांची सर्दी महिनाभर रेंगाळली, ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. उदबत्तीचा येत नाही की करपल्या दुधाचा येत नाही. जन्मभर ज्या नाकावर मिरवलं तेच गेलं, हे सांगायचं कोणाला? मग येईल त्याच्यापुढे वाटी धरायची आणि त्याचा चेहरा वाचायचा. आणि येणारे भिडेखातर हसून छान म्हणायचे. गराची किळस आलीच होती, पण त्या गोड हसण्याची मला जास्त आली. तासाभरात तो चमचा एका तान्ह्याच्या तोंडात जाणार होता.

पदर खोचून मी गर मोरीत ओतला. सालं उचलताना बोटांत बुळबुळली, खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. देवाचं नाव घेत घेत मी ओटा धुतला. चाळणी घासायला घेतली आणि बेल वाजली.

"तिला सांगू नकोस," मावशी कुजबुजल्या.

मी म्हटलं, मी होऊन सांगणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

मावशींनी दार उघडलं, पण सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थबकली. बाळाचं तोंड तिने आपल्या खांद्याकडे वळवलं. "आई, हा कसला वास?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून चाळणी घासत राहिले.

"मला नाही येत," शेवटी मावशीच म्हणाल्या. "थंडीपासून कसलाच येत नाही."

सून रागावली नाही, ते बघून मला जास्तच धास्ती वाटली. तिने शांतपणे विचारलं, "आणि गॅस चालू राहिला तर? बाळ घरात असताना?"

मावशींचा हात शेगडीच्या बटणाकडे गेला, बंद आहे ना ते बघायला. पाळणाघर ठरलं ते तिथेच.

मग सुनेने बाळाला माझ्याकडे दिलं. येताना आणलेलं सफरचंद सोलून वाफवलं, धुतलेली चाळणी पुन्हा एकदा धुतली, गर काढला, हुंगला आणि वाटी सासूच्या हातात ठेवली. "संध्याकाळी त्याला घरी नेताना रोज इथे थांबेन. फळ मी बघेन. भरवायचं तुम्ही."

मावशींनी पहिला चमचा भरवला. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळा गर त्यांच्या पदरावर थुंकला.

"त्या पाळणाघरात काय उकडून घालतील कोण जाणे," मावशी नाक मुरडून म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा चमचा भरला.