वटवाघूळ आणि टाचणीकाकू

तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना अख्खी इमारत टाचणीकाकू म्हणायची. एक तर त्यांच्या तोंडात कायम चारपाच टाचण्या धरलेल्या असत, आणि दुसरं म्हणजे बोलायची वेळ आलीच तर त्या टोचूनच बोलत. नवरा गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत मशीन मांडलं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवून देणं, यावर अकरा वर्षं निभावली. मुलगा दुसऱ्या शहरात होता, तो दर रविवारी फोन करायचा.

इमारतीत आठ बिऱ्हाडं. काकूंचं कुणाशी वाकडं नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. वाकडं होतं ते फक्त वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कशी. मशीनच्या खडखडाटाने दुपारची झोप मोडते, अशी लेखी तक्रार त्यांनी सात वर्षांपूर्वी सूचना फलकावर लावली होती, तीही तीन मुद्द्यांत. काकूंनी दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायला सुरुवात केली आणि हेडक्लार्कशी बोलणंही.

तिसऱ्या मजल्यावर एक परदेशी बाई राहायला आल्या होत्या. पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून पाणीवाल्या बाई. त्यांची सात वर्षांची मुलगी शाळेत जाऊन इथली भाषा फडाफडा बोलायची, पण बाईंची मात्र व्याकरणातल्या लिंगांशी झटापट चालू होती. ऑक्टोबरच्या अखेरीस दोघी काकूंच्या दारात आल्या. बाईंच्या हातात मोडकी काळी छत्री होती.

"काकू, माझा मुलगी वटवाघूळ व्हायचा आहे," बाई म्हणाल्या.

काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कशासाठी?"

मग छोटीनेच सगळं समजावलं. एकतीस तारखेला हॅलोविन. तिकडे मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार जातात आणि लोक त्यांना खाऊ देतात.

"आणि नाही दिला तर?"

"तर आम्ही खोडी काढतो."

"म्हणजे धमकी देऊन खाऊ उकळायचा," काकू म्हणाल्या. "बरं आहे की."

गेल्या वर्षी छोटी चादर पांघरून भूत झाली होती. सात दारं वाजवली, त्यातली तीन उघडली. एकाने वर्गणी नाही म्हणून सांगितलं, एकीने विचारलं, "बाळ, कपडे वाळत घालताना चादर अंगावर पडली का?" तिसऱ्या घरातलं तान्हं मूल भोकाड पसरून रडलं. छोटी रिकामी पिशवी घेऊन वर गेली ती रडतच.

काकूंनी माप घेतलं, स्वतःची एक जुनी छत्री काढली आणि दोन्ही छत्र्यांचं कापड काड्यांवरून उतरवलं. छत्रीच्या कापडाची प्रत्येक पाकळी मुळातच पंखासारखी कापलेली असते. बाह्यांच्या खालून कमरेपर्यंत त्या जोडल्या, दुहेरी टीप मारली, टोपीला दोन कान शिवले. कपडा अंगावर घालून बघताना छोटीने हात पसरले आणि विचारलं, "यंदा तरी दारं उघडतील का?"

"बघू," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जिना चढल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी एकेक दार वाजवून त्यांनी बजावलं: एकतीस तारखेला, संध्याकाळी सहाला वटवाघूळ येईल, घाबरायचं आणि खाऊ द्यायचा. लोक काकूंना दारात बघूनच इतके चकित झाले की नाही म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. हेडक्लार्कचं दार त्यांनी शेवटाला ठेवलं होतं. जरा वेळ तिथे घुटमळल्या, मग बेल दाबली.

"मशीनबद्दल आला आहात?" त्यांनी दार अर्धंच उघडून विचारलं.

"नाही." काकूंनी वटवाघळाचं सांगितलं.

"आणि मी खाऊ नाही दिला तर?"

"तर रोज दुपारी अडीचला मशीन चालवीन."

हेडक्लार्कनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

एकतीस तारखेला साडेपाचला बाईंचा फोन आला. कारखान्यातला पंप बंद पडला होता, त्यांना निघता येत नव्हतं. आवाज रडवेला होता. "काकू, तिला सांगा, आज नाही जमणार."

"असं कसं नाही जमणार? मी जाते की बरोबर." काकूंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

पहिल्या घरी बिस्किटांचा पुडा मिळाला, दुसऱ्या घरी केळं. गणिताच्या शिक्षिकेने पेन्सिल दिली आणि सोबत पाढ्यांचं पुस्तक. छोटीने तोंड वाकडं केलं, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "घे. त्यांच्याकडे हाच खाऊ." गेल्या वर्षीच्या त्या तान्ह्याच्या आईने मुलाला आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. हेडक्लार्कनी बेल वाजायच्या आत दार उघडलं. "सहा म्हणाला होतात, सहा वाजून वीस मिनिटं झाली," ते म्हणाले. छोटीने पंख फडफडवून किंकाळी फोडली, तशी त्यांच्या हातातली लिमलेटच्या गोळ्यांची वाटी खरंच उपडी झाली. तिघांनी वाकून गोळ्या वेचल्या. त्यातली एक त्यांनी पुसून काकूंपुढे धरली. काकूंनी ती घेतली.

बाई साडेसातला धापा टाकत आल्या. भरलेली पिशवी बघून स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ पंखांची शिवण बोटाने चाचपत राहिल्या. "माझी आई शिवायची," त्या म्हणाल्या. "ती गेला, तेव्हा मी इथे होता. जाता आलं नाही."

"गेली," काकू म्हणाल्या. "आई गेली, म्हणायचं." मग त्यांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि आत जाऊन चहा टाकला.

पुढच्या वर्षी सोंगं घेऊन इमारतीतली पाच पोरं फिरली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंचं इथलं काम संपलं आणि मायलेकी परत गेल्या. पोरं मात्र ऑक्टोबर लागला की काकूंच्या दाराशी गर्दी करू लागली. गेल्या खेपेला एका मुलीने फर्माइश केली, "काकू, मला सगळ्यात भीतीदायक करा. मला गणिताच्या बाई करा." काकूंनी कडक कॉलरचा ब्लाउज शिवला, पण बाईंच्या खांद्याला असते तशी पर्स कुठून आणायची? शेवटी त्यांनी वर जाऊन सरळ त्याच बाईंना विचारलं. बाई पोट धरून हसल्या, आणि आपली जुनी पर्स तर दिलीच, वर लाल पेनही दिलं.