थोरलीची नजर

घरातल्या दोन जावांपैकी थोरली एका छापखान्यात औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं करायची. बावीस वर्षं झाली होती. लग्नाआधी तिने डिझाइनचा दोन वर्षांचा कोर्स केला होता. पडदे कुठले, भिंतीला रंग कोणता, सगळं घर तिला विचारी. "आमच्या थोरलीला नजर आहे," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत.

मग धाकटी लग्न होऊन आली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, या बोर्डावरची सहाही बटणं सारखीच. रोज कुणीतरी पंख्याऐवजी दिवा लावतं. पंख्याच्या बटणावर लाल ठिपका देऊ?"

"याला कॉन्ट्रास्ट म्हणतात," थोरली म्हणाली. "आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं."

"अय्या, याला नाव पण आहे?"

धाकटी इतकी खूष झाली, की थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे हे रोजचंच झालं. बँकेच्या दाराची मूठ ओढायची असावी तशी आणि दार मात्र ढकलायचं, म्हणजे दारच खोटं बोलतं, असं धाकटी म्हणे. घरचे हसत. सासूबाई म्हणत, "हिलाही नजर आहे हो!" त्या 'ही'वर थोरलीचा घास अडकायचा.

एकदा थोरली तापाने घरी होती. छापखान्याचे मालक दोन नव्या लेबलांचे नमुने बाटल्यांवर चिकटवून तिची शेवटची संमती घ्यायला आले. एक बाटली डोळ्यांत घालायच्या थेंबांची, दुसरी कानांत घालायच्या. दोन्ही लेबलं फिकट हिरवी, नाजूक अक्षरांची. बहिणी शोभाव्यात अशी करायला थोरलीने महिना घातला होता.

धाकटी चहा घेऊन आली, बाटल्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "साहेब, यातलं डोळ्यांत घालायचं कुठलं?"

मालकांनी बेधडक बोट ठेवलं. ते कानांच्या बाटलीवर पडलं.

त्यांनी लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"कानाचं केशरी करा की," धाकटी म्हणाली. "आणि 'कान' एवढा मोठा लिहा. कंपनीचं नाव बारीक झालं म्हणून कोण आजारी पडणार आहे?"

मालक खो खो हसले. थोरलीने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. तिला चूक पटली होती, तेच जास्त टोचत होतं.

ती कामावर परतली त्या दिवशी मालक म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंना आठवड्यातून दोनदा पाठवाल का? छपाईआधी नजर टाकतील."

"विचारते," थोरली म्हणाली. विचारलं मात्र नाही. मालकांनी पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "घरचंच काम फार असतं तिला."

तीन आठवड्यांनी मालकांनी घरी फोन केला. तो धाकटीनेच उचलला.

संध्याकाळी थोरली आली तेव्हा धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. "ताई, मालकांचा निरोप सांगायचा राहिला का?"

'हो, राहिला' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. थोरली म्हणाली, "राहिला नाही. मीच सांगितला नाही."

"का?"

"जळले तुझ्यावर. बावीस वर्षं घासते आहे मी, आणि तू चहाचा ट्रे धरून..."

धाकटीने हातातल्या चादरीची घडी मोडून पुन्हा घातली. "आणि मी म्हणत होते, तुमच्याकडून शिकायला मिळेल."

दोन दिवस ती थोरलीशी अवाक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तयार होऊन दारात उभी राहिली. "चला. उशीर होतोय."

आता दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात. कानांचं लेबल केशरी निघालं. लेबलाच्या कोपऱ्यात ते करणारीचं नाव छापत नाहीत, हे थोरलीला प्रथमच बरं वाटलं. नवं लेबल झालं की हल्ली ती आधी दारावरच्या रखवालदाराला दाखवून येते. धाकटीच्या हाती सापडण्याआधी चूक आपल्याला सापडलेली बरी.

धाकटीचं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्वदीर्घाशी तिचं उभं वैर. थोरलीला चूक लांबूनच दिसते, पण ती लगेच सांगत नाही. मालक टेबलापाशी येईपर्यंत थांबते.