आर्लन ट्वेटचा राष्ट्राध्यक्ष

आमच्या हॅलम गावात राष्ट्राध्यक्षाशी उभा दावा मांडलेला माणूस एकच, आर्लन ट्वेट. राष्ट्राध्यक्ष राहतो वॉशिंग्टनला, आर्लन राहतो धान्याच्या कोठारामागच्या गल्लीत, आणि दोघांची जन्मात गाठ पडलेली नाही. पण आर्लन बोलायला लागला की वाटावं, तो माणूस कालच याच्या अंगणातलं गवत कापायचं यंत्र उचलून घेऊन गेलाय.

आर्लनने उभा जन्म सहकारी संस्थेच्या दुकानात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले. गिऱ्हाइकाला नको असलेला पट्टा त्याने कधी गळ्यात मारला नाही. शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ न सांगता उपसून द्यायचा. असा हा सरळ माणूस निवृत्त झाला, आणि हाताला काम उरलं नाही म्हणून त्याने देश हातात घेतला. दर बुधवारी आमच्या काउंटीचं साप्ताहिक निघतं. त्यात दर बुधवारी आर्लनचं पत्र. संपादक पेग डोलन त्याच्या मजकुराला कात्री लावायची आणि तो दर गुरुवारी तिच्याकडे जाऊन लोकशाहीचा गळा घोटल्याबद्दल तिला दोन शब्द सुनवायचा.

पत्रात असायचं काय? राष्ट्राध्यक्ष खोटारडा आहे. मित्रांची धन करतो. सोयाबीनचा भाव त्याने पाडला. सैनिकांना सलाम करतो तो अर्धवट. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नाही, फोटोत स्पष्ट दिसतं. आता प्रार्थना चालू असताना फोटो काढणाऱ्याचेही डोळे उघडेच होते, पण हे आर्लनला कोण सांगणार? वाभाडे काढायला बसला की तो कोणाचं ऐकायचा नाही.

आणि खरं सांगायचं तर आधीच्या आठ वर्षांत याच्या स्वतःच्या पक्षाचा माणूस गादीवर होता. तेव्हाही सोयाबीन आपटलं होतं. तोही खोटं बोलताना चांगला पकडला गेला होता. त्या काळात आर्लनची पत्रं कशावर होती, तर तळ्याकाठी बदकं घाण करतात त्यावर. तेव्हा राष्ट्राध्यक्षाची पिसं काढायचं काम मिल्टन शूककडे होतं. मिल्टन दुसऱ्या पक्षाचा, आर्लनचा शाळेपासूनचा दोस्त. गादीवरचा माणूस बदलला तसं मिल्टनने बदकं घेतली आणि आर्लनने राष्ट्राध्यक्ष घेतला. पत्रांतली नावं खोडली असती तर कुठलं कोणाचं हे पेगलासुद्धा ओळखता आलं नसतं. रोज सकाळी दोघं गावातल्या कॉफीच्या दुकानात एकाच टेबलावर बसायचे, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवून आज कॉफीचे पैसे कोणी द्यायचे ते ठरवायचे, आणि मग एकमेकांच्या पक्षाची लक्तरं काढायचे.

आता आर्लनच्या बायकोचं सांगतो. डेलोरिस. पोस्टात खिडकीवर होती, अख्ख्या गावाला नावाने ओळखायची. ती राजकारणावर बोलायची नाही. आर्लन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र लिहायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, ती बटाटे सोलत ऐकायची आणि एखादा शब्द चुकला असेल तर सांगायची. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती गोष्ट होती एक कार्ड.

आमच्याकडे लग्नाला पन्नास वर्षं झाली की चर्चच्या तळघरात जेवण असतं. हॅम घातलेले पाव, बटाटे घालून भट्टीत शिजवलेला हॉटडिश, जेलो नावाची तीन रंगांची जेली. मधल्या टेबलावर केक, केकशेजारी लग्नातला फोटो, आणि फोटोशेजारी व्हाइट हाउसमधून आलेलं शुभेच्छांचं कार्ड, सोनेरी शिक्का आणि खाली राष्ट्राध्यक्षाची सही. खासदाराच्या कचेरीत फोन करून नाव सांगितलं की कोणालाही येतं. पण आमच्या बायका ते असं उभं करून ठेवतात की जणू राष्ट्राध्यक्षाने रात्रभर बसून मजकूर जुळवलाय. डेलोरिसच्या दोन्ही बहिणींकडे आहे. तिच्या जावेकडे आहे, आणि जावेचं तिच्या नवऱ्याशी पन्नास वर्षांत धड पटलंही नाही.

आर्लन-डेलोरिसच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला तो नेमका या राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या वर्षात. आर्लन म्हणाला, त्या माणसाची सही माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. डेलोरिसने वाद घातला नाही. केकशेजारी मोकळ्या जागेत तिने फुलांची परडी ठेवली. बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, टपालात उशीर झाला असेल. जन्मभर टपाल वेळेवर वाटलेल्या बाईला हे सांगावं लागलं. याचा मला आजही राग येतो.

राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आला. आर्लनची पत्रं आणखी तिखट झाली. आणि पंचावन्नाव्या वाढदिवसाच्या वर्षी, वसंतात, डॉक्टरांनी डेलोरिसचं हृदय तपासून सांगितलं की शस्त्रक्रिया झेपणार नाही, जपून राहा. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आर्लन, या वेळी मला कार्ड हवंय."

आर्लनने समजूत काढायला घेतली. अडीच-तीन वर्षांत हा जाईल, आपला माणूस येईल, मग अठ्ठावन्नाव्याला मागवू की. चांगल्या माणसाच्या सहीचं.

"त्या माणसापर्यंत मी पुरेन असं मला वाटत नाही," डेलोरिस म्हणाली. रडली-बिडली नाही, घरातलं दूध संपलंय म्हणावं तशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून आर्लनने खासदाराच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या बाईने नाव विचारलं. आर्लनने अक्षर अक्षर फोडून सांगितलं आणि थांबला. बाईचा श्वास अडकेल, ती कोणाला तरी हाक मारेल, असं त्याला वाटत होतं. बाईने लग्नाची तारीख विचारली, पत्ता विचारला, आणि अभिनंदन म्हणून फोन ठेवला.

झालं. आर्लन हिशोब करत बसला. बाई इतकी गोड बोलली म्हणजे पाणी मुरतंय. इतकी वर्षं ज्याला सोलून काढला त्याच्या दारात आपलं नाव गेलं. तिथे माणसं असणारच, देशभरची पत्रं कापून ठेवणारी. आर्लन ट्वेट, हॅलम, असं नाव निघेल आणि कार्ड जागच्या जागी रद्द. म्हणजे आपल्या जिभेपायी डेलोरिसची दुसऱ्यांदा परडी होणार. ही गोष्ट त्याने मिल्टनला सांगितली, कॉफीच्या टेबलावर, हळू आवाजात.

मिल्टन म्हणाला, "अरे येड्या, तिथे तुला कुत्रंसुद्धा ओळखत नाही."

आर्लनला ते लागलं. मिल्टन जळतो, एवढाच अर्थ त्याने काढला. याची पत्रं बदकांवर, त्याला काय कळणार?

मग त्याने जे केलं ते आमच्या गावातलाच माणूस करू जाणे. त्याने राष्ट्राध्यक्षाची स्तुती करणारं पत्र लिहायचं ठरवलं. एकच. तिथल्या कापून ठेवणाऱ्या माणसांच्या हाती शेवटचं पत्र चांगलं पडावं, बस. तीन दिवस बसला. शिव्या असत्या तर अर्ध्या तासात झालं असतं. डेलोरिस त्या आठवड्यात बहिणीकडे होती, म्हणून वाचूनही दाखवता आलं नाही. शेवटी लिहिलं: राष्ट्राध्यक्ष हा कष्टाळू माणूस आहे. तो बायकोशी आदराने वागतो. सोयाबीनचा भाव कोणा एकट्याच्या हातात नसतो. या देशाचा गाडा ओढणं सोपं नाही, आणि तो रोज सकाळी उठून ओढतो, याबद्दल आपण त्याचे आभार मानले पाहिजेत. खाली सही, आर्लन ट्वेट.

बुधवारी साप्ताहिक निघालं आणि गाव हसून हसून लोळलं.

सोयाबीनच्या वाक्याला लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. 'रोज सकाळी उठून ओढतो' हे तर खाद्यतेलाच्या गिरणीत पोरं एकमेकांना म्हणायला लागली. पास्टरने डोळे पुसत सांगितलं की इतका धारदार उपरोध त्यांनी कधी वाचला नव्हता. पेगने आयुष्यात पहिल्यांदा एकही शब्द कापला नव्हता. शेजारच्या काउंटीच्या साप्ताहिकाने पत्र चौकटीत छापलं. आर्लन जो भेटेल त्याला सांगायचा, मी मनापासून लिहिलंय, आणि जो भेटेल तो आणखी हसायचा. दर बुधवारी वाचलेल्या माणसाचं कोणाला खरं वाटणार?

त्यात त्याच्या पक्षवाल्यांनी त्याला धरला. दर वर्षी त्यांची घेवड्याची पंगत असते, फायरब्रिगेडच्या हॉलमध्ये, मोठ्या पातेल्यात गोड घेवडा शिजवतात आणि भाषणं ठोकतात. तिथे आर्लनला पत्र वाचायला उभं केलं. त्याने वाचलं. प्रत्येक वाक्याला टाळ्या. "बायकोशी आदराने वागतो" म्हणताना त्याचा आवाज कापला, कारण त्याला डेलोरिस आठवली, आणि लोकांना वाटलं की हा नट आहे नट. दोन टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. आर्लन घेवड्याची बशी तशीच ठेवून घरी आला.

आणि मिल्टन? मिल्टनने टेबल बदललं. शिव्या त्याने इतकी वर्षं हसत ऐकल्या होत्या, पण ही थट्टा त्याला फार खालची वाटली. कॉफी त्याने एकट्याने प्यायला सुरुवात केली. म्हणजे एका कार्डापायी मित्रही गेला, आणि कार्ड तर आता येणारच नाही. आर्लनला झोप लागेना. डेलोरिस टपालपेटीपर्यंत रोज हळूहळू चालत जायची, रोज नुसती जाहिरातींची पानं घेऊन परत यायची, आणि तो खिडकीतून बघत राहायचा.

तेव्हा त्याने जन्मात न केलेली गोष्ट केली. मिल्टनच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या पक्षाचा आहे तो. तू एक शब्द टाक. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी टाक."

मिल्टनने विचारलं की ते पत्र खरंच मनापासून होतं का. आर्लन म्हणाला, होतं. मिल्टन हसला नाही. हॅलममध्ये तो एकटाच हसला नाही. त्याने खुर्ची सरकवून आर्लनला बसायला जागा केली आणि सांगितलं, शब्द टाकायची गरज नाही, येईल ते.

आणि आलं. वाढदिवसाच्या नऊ-दहा दिवस आधी, जाड पाकिटात, दुमडू नये म्हणून पुठ्ठा घालून. सोनेरी शिक्का, खाली सही. "प्रिय आर्लन आणि डेलोरिस." सहजीवनाचं अभिनंदन, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. डेलोरिसने हात धुऊन, पुसून मग ते हातात घेतलं. जावेच्या कार्डातही हाच मजकूर होता, शब्दाला शब्द, हे तिला पाठ होतं. तरी तिने दोनदा वाचलं.

रविवारी वर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दोघं लवकर खाली तळघरात आली, टेबल मांडायला. डेलोरिसने केक ठेवला, फोटो ठेवला, आणि कार्ड उभं केलं. मागे होऊन बघितलं, पुन्हा जरा सरळ केलं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते बघून कोणालाही बरं वाटलं असतं. आर्लन मात्र खांद्यातून खचल्यासारखा उभा होता.

"त्यांनी वाचलंच नाही गं," तो म्हणाला. "इतकी वर्षं लिहिलं मी. एकाने जरी वाचलं असतं तरी हे कार्ड पाठवलं नसतं. तिथे मी कोणाच्या गावीही नाही."

"मी वाचलं ना," डेलोरिस म्हणाली. "एकूण एक पत्र."

"तुझं वेगळं."

"वेगळं कसं? मलाही मत आहे." तिने रुमालांची चळत सारखी केली. "पहिल्या वेळी मी तुझ्याच माणसाला दिलं होतं. मग चार वर्षं तुझी पत्रं ऐकली, दर आठवड्याला, बटाटे सोलता सोलता. दुसऱ्या वेळी मतदानाच्या पडद्याआड गेले आणि याला देऊन आले."

आर्लनने विचारलं, का?

"कीव आली मला त्याची. कोणाबद्दल इतकं वाईट बोलत राहिलं की वाटतं, घरात निदान एकाने तरी त्याच्या बाजूने असावं. आणि तू काही असणार नव्हतास."

वरचं भजन थांबलं होतं आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली होती. पत्रांनी आर्लनने देशात एकच मत फिरवलं होतं, आणि ते त्याच्या स्वयंपाकघरातलं होतं. डेलोरिसने त्याचा टाय सरळ केला आणि त्याला कार्डाच्या बाजूला उभं केलं. पाहुणे खाली आले तेव्हा तो एकेकाचा हात हातात घेऊन आभार मानत होता, आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगत होता की हो, सही खरी आहे.