हिरव्या टोपीतल्या डोरीनबाई

सगळ्यात आधी डोरीनबाईंचं नाव घेतो. ऑस्ट्रेलियात टूवूंबाचा डोंगर उतरला की खाली एक लहानसं गाव लागतं, तिथे त्या एकट्या राहतात. वय सत्तरच्या पुढे, सगळा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला. माझ्या भाच्याचं उजवं पाऊल आज जागेवर आहे ते त्यांच्यामुळे. आणि त्याच बाईंना मी भर मैदानात, चारचौघांसमोर, नको ते बोललो होतो. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला हात अडखळणार नाही.

मी सिडनीत क्वेकर्स हिलला राहतो, एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कुक आहे. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. भाचा निनाद मात्र शिकणारा. कराडच्या माझ्या ताईचा हा मुलगा टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग करतो. साथ आली, विमानं बंद झाली, आणि ताईला पोराचं तोंड फक्त फोनवर दिसायला लागलं. दर रविवारी तिचं एकच म्हणणं, तू तिथल्या तिथे आहेस, एकदा डोळ्यांनी बघून ये. तिथल्या तिथे म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर, पण ते तिला कसं पटवणार! शेवटी राज्यांच्या सीमा उघडल्या. सीमेच्या परवानगीचा फॉर्म फोनवर भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि जूनमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शुक्रवारी पहाटे मी निघालो. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ताईच्या पद्धतीचे, पण माझ्या हातचे, बेसनाचे लाडू.

टॅमवर्थच्या पुढे रस्ता वर वर चढत जातो. झाडं विरळ होतात, गवत पिवळं पडलेलं, आणि थंडी अशी की काच खाली केली तर नाक बधिर. ग्लेन इनिसला एका बेकरीत थांबलो. दारात क्यूआर कोड स्कॅन केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. माझा फोन काही तो कोड वाचेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'नो वरीज, मी वहीत लिहून घेते,' आणि माझं नाव तिने तीनदा विचारून तीनदा चुकीचं लिहिलं. मटणाची गरम 'पाई' (करंजीसारखा सारण भरलेला खारा पदार्थ) हातात घेऊन गाडीत बसलो. मिरपूड बरी होती, मीठ कमी.

सीमेवर पोलिसाने फोनवरचा पास बघितला, चेहऱ्याकडे बघितलं, मास्क खाली करायला सांगितला, पुन्हा बघितलं. माझं काहीही चुकलेलं नसताना खाकी-निळा कपडा दिसला की मला घाम फुटतो, ही सवय जुनी आहे. त्याने हात हलवून जायला सांगितलं तेव्हा मी दोनदा थँक यू म्हणालो. स्टॅनथॉर्पला सफरचंदाच्या बागा लागल्या, सगळ्या निष्पर्ण, काड्यांच्या रांगा नुसत्या. संध्याकाळी टूवूंबा. निनाद दारात उभा होता. गेल्या वेळी बघितला तेव्हा माझ्या खांद्याला लागत होता, आता मला मान वर करावी लागली. लाडवाचा डबा त्याने बूट न काढता तिथेच उघडला.

म्हणाला, 'मामा, उद्या आर्वोला (दुपारी) माझी मॅच आहे. तू येतोयस.'

मला वाटलं क्रिकेट. कराडला असताना हा सीमारेषेवरून थेट यष्टीवर चेंडू फेकायचा, तेवढ्यासाठी मोठी पोरं त्याला संघात घ्यायची. इथे तीच फेक बघून त्याला युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल क्लबने उचलला आणि क्वार्टरबॅक केला. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन, समोरून दहा रेडे अंगावर येत असताना, तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा. संघाची सगळी मदार त्याच्यावर. ताईला हे माहीत नव्हतं. तिला तो क्रिकेट खेळतो असंच सांगितलेलं. मी त्याला रागावलो, पण पोटातून अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

मैदान शहराबाहेर, शेतांच्या मधे. या भागात गाडी नसली की माणूस अडकलाच, बस म्हणजे नावाला. मैदानाभोवती दोरी, तिच्याबाहेर एका बाजूला आमचे, युनिव्हर्सिटीचे जांभळे, दुसऱ्या बाजूला डोंगराखालच्या क्लबचे हिरवे. दोन क्लबांचं जुनं वैर. हिरव्यांकडे एक पोरगा हातात भोंगा घेऊन उभा होता आणि पहिल्या मिनिटापासून निनादच्या मागे लागला होता. सुरुवातीला नुसती चेष्टा होती. त्याच्या केसांवर, त्याच्या नावावर. मी ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये तिरकी ठेवलेली सॉसेज आणि करपवलेला कांदा खात ऐकत होतो. खेळात चालतं एवढं, म्हणून गप्प बसलो.

अर्धा खेळ झाला असेल. निनादने चेंडू फेकला, झकास फेक होती, सगळ्यांच्या माना चेंडूमागे वळल्या. माझी नाही वळली. चेंडू सुटून गेल्यावर हिरव्यांचा एक धिप्पाड गडी त्याच्या पायांवर येऊन पडला. निनादचं पाऊल एकीकडे राहिलं आणि तो दुसरीकडे कोसळला. मी कोंबड्या सोलल्यात, बकरे फोडलेत. सांधा निखळल्याचा आवाज मला ओळखता येतो.

आणि भोंगा बोलला, 'उबर बोलवा रे कुणीतरी. ड्रायव्हर त्याचा काकाच असेल.'

इथे टॅक्सी चालवणारे बरेचसे आपलेच, त्यावरचा टोमणा. हशा पिकला. मागून कुणीतरी पुस्ती जोडली की आपला व्हायरस घेऊन घरी जाईल म्हणावं. आणखी हशा. आमच्या जांभळ्यांचं काय चाललं होतं? ते दोरीबाहेरून पंचाशी भांडत होते. चेंडू सुटल्यावर मारलं, एवढ्या यार्डांचा दंड द्या (म्हणजे चेंडू तेवढा पुढे), यांचा माणूस बाहेर काढा. पोर मातीत पडलेलं आणि यांना यार्ड हवे होते. मला त्या हिरव्यांइतकाच या जांभळ्यांचा राग आला, आजही येतो.

मी दोरी ओलांडून पळालो. आत जाऊन बघतो तर दोन्हीकडचे सगळे खेळाडू एक गुडघा टेकून गोल बसलेले. वीसेक दांडगी माणसं, एकही जण पुढे होत नाही. क्लबची फर्स्ट एड बघणारी मुलगी एकटी त्याच्या पायाला फळी बांधतेय. माझं डोकं फिरलं. ज्याने पाडलं त्या धिप्पाड पोराच्या जर्सीला धरून मी त्याला ओढलं. ऊठ, उचल त्याला, बसलायस काय पूजेला बसल्यासारखा. हे सगळं मराठीत. तो गुडघा टेकूनच राहिला. पंच मला मागे व्हायला सांगू लागला, अंतर ठेवा म्हणाला. अंतर!

स्ट्रेचर उचलला आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या! आमच्याकडे माणूस जायबंदी होऊन बाहेर नेताना मैदान चिडीचूप होतं. इथे टाळ्या पडत होत्या, आणि दोरीजवळ सगळ्यात पुढे हिरव्या लोकरी टोपीतली एक म्हातारी दोन्ही हात उंच करून वाजवत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो की तू खूश आहेस का, माझ्या पोराचा पाय मोडला म्हणून टाळ्या वाजवतेस, लाज नाही वाटत, तुझ्या घरात पोरंबाळं नाहीत का. अजूनही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिचे हात थांबले. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून तिची नजर स्ट्रेचरकडे होती. मग ती दोरीखालून वाकून आत आली. वाकताना कंबर धरली होती तिने.

त्याच डोरीनबाई. फर्स्ट एडच्या मुलीला त्यांनी दोन शब्दांत आपण कोण ते सांगितलं, कात्री मागितली आणि निनादचा मोजा कापला. पाऊल बाहेर वळलेलं होतं आणि पांढरं पडलं होतं. बाईंनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. सरकवली. पुन्हा ठेवली.

'ॲम्ब्युलन्सला किती वेळ?'

मुलगी म्हणाली की सगळ्या गाड्या बाहेर आहेत, पाऊण तास तरी लागेल.

बाई माझ्याकडे वळल्या. 'पावलाला रक्त पोचत नाहीये. पाऊण तास थांबलो तर पाऊल हातचं जाईल. तुझी गाडी कुठली?'

माझी छोटी हॅचबॅक, त्यात सहा फुटी पोर आडवं कुठून होणार? मी तरीही म्हणालो, हिच्याबरोबर पाठवणार नाही, ही त्यांची आहे. रागाने माझं डोकं इतकं भरलं होतं. तेव्हा निनाद दात आवळून मराठीत म्हणाला, 'मामा, भांडू नकोस ना. मला बोटं जाणवत नाहीयेत.'

मी स्ट्रेचरपासून बाजूला झालो. बाईंनी फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्यांना परिस्थिती सांगितली, आम्हीच घेऊन येतोय म्हणून कळवलं. त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनची मागची सीट पाडली. स्ट्रेचर कुणी उचलला? मी ज्याची जर्सी ओढली होती त्याच धिप्पाड पोराने आणि आमच्या दोघा जांभळ्यांनी. त्याचे डोळे लाल होते. गाडी बाई चालवत होत्या, खड्डा आला की आधी सांगायच्या. मी मागे निनादचं डोकं मांडीवर घेऊन, हाताने त्याची बोटं चाचपत. थंडगार, फ्रीजमधल्या मांसासारखी. ताईला काय सांगू, एवढंच डोक्यात. पाऊल गेलं तर तिला इथे येताही येणार नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात नियम होता, पेशंटबरोबर एकच जण, तोही जवळचा नातेवाईक. म्हणजे मीच. आत गेल्यावर काय सांगायचं? सांध्याला, नसेला, रक्ताला इंग्रजीत काय म्हणतात, मला कुठलं येतंय! भीती वाटली की माझं इंग्रजी ऐकून ते आम्हाला रांगेत बसवतील, आणि तेवढ्यात वेळ निघून जाईल. बाईंना ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्यांनी डॅशबोर्डमधून एक पाकीट काढलं, विजेच्या बिलाचं, आणि त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या. किती वाजता लागलं, काय निखळलंय, नाडी लागत नाही, पाऊल किती वेळ गार आहे. शेवटी आपलं नाव.

'पहिली नर्स दिसेल तिच्या हातात दे. बोलू नकोस, लव्ह (बाळा). नुसतं दे.'

मी दिलं. नर्सने वाचलं, कापलेल्या मोज्याखालचं पाऊल बघितलं, आणि मागे वळून कुणाला तरी हाक मारली. दोन मिनिटांत पडद्याआड नेला त्याला. मला बाहेर खुर्चीवर बसवलं, मधल्या खुर्च्यांवर बसू नये म्हणून फुल्या मारलेल्या. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची चित्रं. मी ती सगळी वाचली, पुन्हा वाचली. मग एक तरुण डॉक्टर आली आणि म्हणाली की सांधा जागेवर बसवलाय, रक्त सुरू झालंय, हाडाला स्क्रू लागतील पण पाऊल वाचलं. अजून अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. मला आत नेलं. निनाद गुंगीत होता. मी त्याचा अंगठा धरला. कोमट होता. मी तिथेच रडलो, मास्क ओला होईपर्यंत.

बाहेर आलो तेव्हा उन्हं कलली होती. वाटलं, बाई कधीच्या गेल्या असतील. तर त्या कार पार्कमध्ये, गाडीचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसलेल्या. अडीच तास. मी सांगितलं की पाऊल गरम आहे. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

मी माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, 'डार्ल (डार्लिंग), तुला आमच्या टाळ्या कळल्या नाहीत. पोराला नेताना टाळ्या वाजवतो, म्हणजे तो मुकाट्याने, एकटा जात नाही. गुडघे टेकतात तेही त्याच्याचसाठी, गर्दी होऊ नये आणि खेळ थांबलाय हे दिसावं म्हणून.'

मी विचारलं, मग तो भोंग्यावाला?

त्या म्हणाल्या, 'तो आमचाच. त्याच्या आईला मी ओळखते. त्याच्या वतीने मी सॉरी म्हणणार नाही. ते त्याने म्हणायला हवं.'

त्याने म्हटलं नाही. निनाद सांगतो, सोड ना मामा, चिल. मी सोडलेलं नाही. गुडघ्यांचा आणि टाळ्यांचा राग गेला, तो माझ्या अडाणीपणाचा होता. पण त्या भोंग्याचा राग मी जपून ठेवलाय, तो बरोबर आहे.

तीन दिवसांनी सिडनीत पुन्हा पेशंट वाढले आणि बातमी आली की सीमा कधीही बंद होईल. ऑपरेशन झालेल्या पोराला सोडून निघावं लागलं, तेही चडफडतच. त्याच्या रूममेटला वरण-भात शिकवला. डोरीनबाई म्हणाल्या, मी डोंगर चढून दर दोन दिवसांनी येईन, ड्रेसिंग बघेन. गाडीत चढताना त्यांनी पुन्हा कंबर धरली तेव्हा मी विचारलं. खुब्याचं ऑपरेशन आहे, साथीमुळे दोनदा पुढे ढकललं, असं म्हणाल्या. जसं काही दुकान बंद होतं म्हणून परत आले, इतक्या सहज. घरी न्यायला कोण आहे विचारलं तर हसल्या. नातू आहे की, पण तो गाडी कशी चालवतो ते बघितलंस तर तू पायी पाठवशील मला.

परतीच्या वाटेवर काही खाल्लं नाही. मोठा रस्ता, दोन्हीकडे थिजलेलं गवत, आणि डोक्यात एकच हिशेब चाललेला: ज्या लोकांनी हसून दाखवलं त्यांच्यातूनच ती बाई दोरीखालून वाकून आली होती, दुखऱ्या कमरेने. मी तिला शिव्या देत असताना ती पाऊल बघत होती.

डोरीनबाई, हे तुम्हाला वाचता येणार नाही, निनादकडून वाचून घ्या. तुमच्या ऑपरेशनचं बोलावणं येईल तेव्हा मला कळवा. सीमा उघडी असली तर त्याच दिवशी निघेन, बंद असली तर उघडायची वाट बघेन. तुम्ही घरी परतल्यावर पंधरा दिवस तुमचं किचन माझं. आणि त्या दिवशी दाराशी एकच माणूस आत सोडत असले, आणि मला सोडलं नाही, तर कार पार्कमध्ये गाडीचं दार उघडं टाकून मी बसून राहीन, तुम्ही बाहेर येईपर्यंत.